खेळायला माणसं मिळतात, मैत्रिणी मिळत नाहीत

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

माझं वय ३९. मूळची धाराशिवची. सहावीपासून बारावीपर्यंत खो-खो खेळले. जिल्ह्याच्या संघात होते, दोनदा राज्य स्पर्धेला गेले. लग्नानंतर खेळ सुटला. चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्यात खराडीला आलो. मी एका सीएच्या ऑफिसचं हिशेबाचं काम घरूनच करते. मुलगा सातवीत आहे.

इथे मला एकही मैत्रीण नाही. प्रयत्न केले नाहीत असं नाही. वर्षभर जिमला गेले. आता अ‍ॅपवरून बॅडमिंटन बुक करते आणि जे कोणी आलेले असतील त्यांच्याबरोबर खेळते, आठवड्यातून दोनतीनदा. गेल्या हिवाळ्यात दहा किलोमीटरची रेसही पळाले. सोसायटीत बायकांचा थ्रोबॉलचा ग्रुप आहे, पण खरं सांगू का, त्यांना खेळता येत नाही. अर्धा वेळ फोटो काढण्यात जातो. माझं मन रमत नाही तिथे.

मागच्या महिन्यात नवरा बाहेरगावी असताना मुलगा रात्री तापाने फणफणला. सोबत कुणाला तरी न्यावं म्हणून फोन हातात घेतला, तर एकही नाव सुचेना. शेवटी धाराशिवला बहिणीला फोन लावला आणि तिच्याशी बोलत बोलत एकटीच त्याला घेऊन रिक्षाने दवाखान्यात गेले. ज्यांच्याबरोबर मी खेळते त्यांची आडनावंही मला माहीत नाहीत.

शाळेत असताना खेळातूनच मला जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या होत्या. या वयात तसं होतं का, की ते तेव्हाच संपलं? आणि जाता जाता एक बारीक प्रश्न: बॅडमिंटनला मी पळण्याचेच बूट घालते, चालतं ना? मला अगं-तुगं केलंत तरी आवडेल.

एक जुनी खेळाडू, खराडी

उत्तर

अगं, होतं. या वयातही होतं. पण तू आत्ता ज्या पद्धतीने खेळते आहेस, तशी आणखी दहा वर्षं खेळलीस तरी होणार नाही. यात तुझ्या स्वभावाचा दोष फारसा नाही. थोडासा आहे, त्याबद्दल पुढे बोलते.

आधी जरा धाराशिवचं मैदान आठव. तिथल्या मुली तुझ्या मैत्रिणी झाल्या त्या काही एकमेकींचे स्वभाव पारखून नाही झाल्या. रोज संध्याकाळी त्याच वेळी, त्याच मैदानावर, त्याच मुली. रेषा आखायला फक्की कोण आणणार, सरांची बोलणी आज कोण खाणार, हे सगळं खेळाच्या आधी आणि नंतर चालायचं. शिवाय खो-खोत आक्रमणाला नऊ जणी लागतात, आठ बसलेल्या आणि एक धावणारी. तू आली नाहीस तर एक चौकोन रिकामा राहायचा आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी ‘काल कुठं मेली होतीस’ असं विचारायचंच. हा प्रश्न विचारणारं माणूस तुला खराडीत नाही. माझ्या मते सगळं दुखणं इथे आहे.

आता तुझे प्रयत्न या नजरेने बघ. जिममध्ये तू महिनाभर गेली नाहीस तर फार तर फी भरायची आठवण करून देणारा मेसेज येईल. अ‍ॅपवर तुझ्या जागी दुसरं कोणी स्लॉट घेतं आणि डबल्स सुरू होतं. रेसला हजारो माणसं एका दिशेने धावतात आणि पदक गळ्यात पडलं की पार्किंगकडे निघतात. तिन्ही ठिकाणी व्यायाम उत्तम होतो, पण तुझ्या नसण्याने कुणाचंही काही अडत नाही. त्यामुळे खेळ निवडताना मनाशी एकच प्रश्न विचार: मी गेले नाही तर कुणाची तरी पंचाईत होईल का? होणार असेल तर ती जागा धर.

अ‍ॅपवाल्या खेळात आणखी एक गोची आहे, आणि तू हिशेबातली असल्याने ती तुला लगेच कळेल. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात जेफ्री हॉल नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुकतेच नव्या गावी राहायला आलेले लोक घेतले आणि ओळखीची मैत्री व्हायला किती वेळ लागतो ते पाहिलं. नुसत्या ओळखीतून बऱ्यापैकी ओळखीपर्यंत यायला साधारण ५० तास, मैत्री म्हणावी इथवर यायला ९० च्या आसपास आणि जवळची मैत्री व्हायला २०० हून अधिक. आकडे काटेकोर मानू नकोस, माणसागणिक बदलणारच. पण हे तास त्याच माणसाबरोबर जमावे लागतात. तू आठवड्याला तीन तास खेळतेस, म्हणजे चार वर्षांत कितीतरी शे तास खर्च झाले, फक्त ते शंभर वेगवेगळ्या खात्यांत पडले. एकाही खात्यात पन्नासाचा आकडा गाठला गेला नाही. तेच तीन तास ठरलेल्या पाचसहा जणींत घातलेस तर चार महिन्यांत पहिला टप्पा, सातआठ महिन्यांत दुसरा. दिवाळी ते होळी एवढी कळ काढायची तयारी हवी. तीन आठवड्यांत ‘इथेही कुणी आपलं नाही’ असं म्हणून उठू नकोस.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नुसतं एकत्र काम करण्यात गेलेले तास मैत्रीच्या कामी फारसे येत नाहीत, रिकामपणाने एकत्र घालवलेले येतात. बॅडमिंटनच्या कोर्टावर माणूस बोलतं किती? ‘माझी!’, ‘आऊट’, ‘सॉरी’, ‘अकरा-नऊ’. बोलणं होतं ते बाकावर आपली पाळी येईपर्यंत आणि नंतर टपरीवर. तुझ्या पत्रात खेळून झाल्यावर काय करतेस याचा एक शब्दही नाही. माझा अंदाज, रॅकेट पिशवीत घालून तू थेट स्कूटरकडे जातेस, कारण घरी कणिक मळायची असते. तेव्हा माझं सांगणं असं की एक गेम कमी खेळ, पण चहाला थांब. खेळाचा एक तास आणि चहाची वीस मिनिटं यात कुठलं तरी एकच निवडायची वेळ आली तर, तू खेळाडू असूनही, मी तुला चहा निवडायला सांगेन.

कोल्हापूरकरांना हे सांगावं लागत नाही. तिथला फुटबॉल पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या आणि तरुण मंडळांच्या नावाने खेळला जातो. शाहू स्टेडियमवर अकरा जण धावतात खरे, पण पेठेतली शेकडो माणसं त्या संघाची असतात. कुणी पाणी बघतो, कुणी वर्गणी काढतो, कुणी नुसता कट्ट्यावर बसून कालच्या मॅचवरून भांडतो. ज्याने जन्मात बॉलला लाथ मारली नाही त्यालाही त्या खेळाने माणसं मिळवून दिलेली असतात. तुला पेठ नाही, हे खरं. पण खराडीत कुणालाच नाही गं! तिथले बहुतेक जण गेल्या दहापंधरा वर्षांत लातूर, नागपूर, जळगाव, पाटणा, हैदराबाद कुठून कुठून आलेले. तुझ्या लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांची रात्रीच्या तापाची गोष्ट तुझ्यासारखीच असेल. जुन्या वस्तीत ठरलेल्या कंपूत शिरणं अवघड असतं. तुझ्याकडे कंपू अजून ठरायचेच आहेत.

म्हणून आता त्या थ्रोबॉलकडे येते. मघाशी स्वभावाचा विषय मागे ठेवला होता तो हाच. ‘त्यांना खेळता येत नाही’ हे वाक्य तू ज्या ठसक्यात लिहिलंस ना, तो ठसका मैदानावरही दिसत असणार. राज्य खेळून आलेल्या माणसाला ढिसाळ खेळ बघवत नाही हे मला कळतं. झेल सुटला की तुझ्या कपाळावर आठी येत असेल, सर्व्हिस कशी करायची ते तू न विचारता दाखवत असशील, आणि समोरची हसून ‘हो हो’ म्हणत मनातून दोन पावलं मागे सरकत असेल. त्या बायका तिथे राज्य स्पर्धेची तयारी करायला येत नाहीत. दिवसभरातला स्वतःचा असा एक तास काढायला येतात. फोटो काढतात तर काढू देत. उलट तूही फोटोत उभी राहा, कारण तो फोटो ग्रुपवर पडला की ज्या बाईला तुझं नाव माहीत नव्हतं ती ‘ही बी विंगमधली ना?’ असं विचारते.

आणि या बायका राहतात कुठे? लिफ्टच्या अंतरावर. रात्री अडीचला दार वाजवता येईल एवढ्या जवळ. १९५० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, तो अजूनही सांगितला जातो. आवडीनिवडींपेक्षा दार किती जवळ आहे यावर मैत्री जास्त ठरत होती. ज्यांची घरं जिन्याशी होती, येणारेजाणारे ज्यांच्या दारावरून जायचे, त्यांच्या ओळखी इतरांहून जास्त. तू मात्र शेजारचं दार ओलांडून नगर रोडच्या रहदारीत स्कूटर घालतेस आणि आडनाव माहीत नसलेल्या माणसांबरोबर खेळून येतेस. तेव्हा थ्रोबॉलला आठवड्यातून एकदा जा. तिथे उत्तम खेळायची गरज नाही, शिकवायचं तर अजिबात नाही. कुणी ‘तू एवढा जोरात कसा टाकतेस?’ असं विचारलं तरच दाखव, आणि तेही एकदाच.

एवढ्याने तुझ्यातल्या खेळाडूची भूक भागणार नाही, हे मान्य. त्यासाठी बॅडमिंटन चालू ठेव, पण अ‍ॅप सोड. ज्या हॉलमध्ये खेळतेस तिथल्या काऊंटरवरच्या माणसाला विचार, ‘इथे सकाळचा किंवा संध्याकाळचा बायकांचा ठरलेला ग्रुप आहे का? त्यांना कुणी कमी पडतं का?’ या माणसाला सगळं ठाऊक असतं. कुणाचा गुडघा दुखावला, कुणाची बदली झाली, कोणत्या स्लॉटला नेहमी तिघीच येतात. ठरलेल्या ग्रुपला कायम एका माणसाची चणचण असते, कारण चौघींचं कोर्ट भरायचं तर यादीत सहा जणी लागतात. सुरुवातीला तू राखीव असशील. बिनतक्रार राहा. आयत्या वेळी फोन आला आणि तू दहा मिनिटांत पोचलीस, असं दोनतीनदा झालं की तुझं नाव पक्क्या यादीत जातं. मंगळवार आणि शुक्रवार म्हटलं की मंगळवार आणि शुक्रवारच. वारंवार दिवस बदलणाऱ्या माणसावर कुणी विसंबत नाही.

खेळ म्हणूनही बॅडमिंटन तुला बरा. आपल्या पुण्याचा तर त्यावर हक्कच आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या गोऱ्या अंमलदारांनी तो खेळायला घेतला आणि काही काळ त्याला ‘पूना’ याच नावाने ओळखत. कोपनहेगनमध्ये काही हजार लोकांना सुमारे २५ वर्षं नजरेखाली ठेवून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये आला. त्यात बैठं आयुष्य घालवणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणारे सरासरी ९.७ वर्षं जास्त जगलेले दिसले, बॅडमिंटनवाले ६.२, जॉगिंग करणारे ३.२ आणि जिमवाले अवघं दीड वर्ष. अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच बजावलंय की यावरून खेळामुळेच आयुष्य वाढतं असं सिद्ध होत नाही. टेनिस खेळणारा मुळात खाऊनपिऊन सुखीही असू शकतो. पण दुसऱ्या माणसाशिवाय खेळताच येत नाहीत असे खेळ या यादीत वर आहेत, हे त्यांच्याही नजरेतून सुटलं नाही.

आणि खो-खो? पत्रात तू त्याला एकदम भूतकाळात टाकून दिलंस, याचं मला जरा वाईट वाटलं. धाराशिवची मुलगी तू. तुझ्याच जिल्ह्यातल्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात भारताच्या मुलींनी आणि मुलांनी, दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. दोन्ही कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. या खेळाचे नियम बांधायला १९१४ च्या सुमारास सुरुवात झाली ती पुण्यातच, डेक्कन जिमखान्यावर. तू नेमकी त्या शहरात राहतेस आणि तिथे जाऊन अ‍ॅपवर माणसं शोधतेस!

उद्या मैदानात उतर असं मी म्हणत नाही. वीस वर्षांनी एकदम खांबावर वळायला आणि सूर मारायला गेलीस तर गुडघा हातात येईल. आधी कुठल्या तरी संध्याकाळी, मुलींचा सराव चालतो अशा मैदानावर जा आणि नुसती कडेला उभी राहा. नगर रोडच्या बाजूला, वाघोली-विमाननगरकडे एखादी शाळा किंवा मंडळ सापडेल. मुलाच्या शाळेतल्या पीटीच्या सरांना विचार, त्यांना हमखास माहीत असतं. प्रशिक्षकांना सांग की मी अमुक साली जिल्ह्याकडून खेळले, काही मदत लागली तर सांगा. शिट्टी, घड्याळ आणि गुणपत्रक सांभाळणारं माणूस त्यांना कायम कमी असतं. स्पर्धा असली की गुणलेखक, वेळाधिकारी, पंच यांची शोधाशोध चालू असते. नियमांचा अभ्यास करून पुढे रीतसर पंच परीक्षाही देता येईल. हिशेबाचं डोकं आहे तुझं, गुणपत्रकात चूक व्हायची नाही.

असं काम अंगावर असलं की शनिवारी तू गेली नाहीस तर सामना अडतो. म्हणजे पुन्हा तोच रिकामा चौकोन. शिवाय तिथे कडेला मुलींच्या आया बसलेल्या असतात, जुन्या खेळाडू येऊन जातात, आणि त्यांच्याशी बोलायला विषय शोधावा लागत नाही. धाराशिवच्या तुझ्या संघातल्या मुलींचाही तपास काढ. बहिणीला कामाला लाव, ती गावात आहे. नोकरीने, लग्नाने, पोलिसात भरती होऊन, पीटी टीचर होऊन त्यातल्या दोघीतिघी तरी पुण्यात आलेल्या असण्याचा संभव दांडगा आहे. हडपसरला किंवा चिंचवडला एखादी निघाली तर रोज भेट होणार नाही, पण महिन्यातून एका रविवारी सिंहगड चढता येईल. वर झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही खाईपर्यंत वीस वर्षांचं बोलणं भरून निघेल.

रोजच्यासाठी मात्र लांबचं काही ठरवू नकोस. वेताळ टेकडी छान आहे, पर्वतीवर रोज चढणाऱ्यांचे ग्रुप तर पिढ्यान्‌पिढ्या चाललेत. पण खराडीहून तिकडे पोचेपर्यंत त्यांचा चहा होऊन गेलेला असतो. घरापासून पंधरा मिनिटांच्या पलीकडचा खेळ पहिल्या पावसात सुटतो.

पावसाचं निघालंच आहे तर: जून ते सप्टेंबर मैदानावरचे ग्रुप मोडतात आणि दसऱ्याला पुन्हा जमतातच असं नाही. मुंबईत १९४८ पासून कांगा लीग ऐन पावसाळ्यात खेळवतात, पण ती मुंबई. तू त्या चार महिन्यांत बॅडमिंटनचे दिवस वाढव, आणि थ्रोबॉलवाल्यांना एखाद्या दुपारी घरी भजी खायला बोलाव.

आता बोलण्याचं. अनोळखी माणसाशी बोलून आल्यावर आपल्याला वाटतं, शी, आपण काहीतरीच बोललो, तिला आवडलं नसणार. यावरही २०१८ मध्ये एक अभ्यास झाला. पहिल्या भेटीनंतर दोन्ही बाजूंना असंच वाटत असतं आणि प्रत्यक्षात समोरच्याला आपण, आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त आवडलेलो असतो. तेव्हा घरी जाताना स्वतःची उलटतपासणी घेऊ नकोस. ग्रुपवर ‘रविवारी कुणी येतंय का?’ असं विचारणं मात्र सोड. ज्या प्रश्नाला सगळ्यांनी उत्तर द्यायचं त्याला कुणीच देत नाही. दोन अंगठे येतात आणि विषय संपतो. त्यापेक्षा एकीलाच विचार, ‘रविवारी सकाळी मी रॅकेटचं गटिंग, म्हणजे नवी जाळी, करून घ्यायला जाणार आहे, तुझीही नेऊ का? की येतेस बरोबर?’ अशा फुटकळ कामांत माणूस जवळ येतं.

आणि मदत माग. तू देणारी बाई दिसतेस, मागणारी नाही. पत्रात तू सोबतीला कुणी नाही असं लिहिलंस, पण मला शंका आहे की शेजारच्या दोन बायका आल्याही असत्या. त्यांना उठवायचा तुला संकोच वाटला. संकोच मोडायला आधी छोटी कामं सांगायची असतात. मुलांचा डॉक्टर कुठला चांगला, मला आज घरापर्यंत सोडतेस का, अर्ध्या तासासाठी मुलाला तुझ्याकडे पाठवू का. असं चारदा झालं की पाचव्यांदा रात्री फोन करायला धीर होतो. आणि उलट तुलाही कुणाचा तरी येतो.

घरच्यांशी एकदा स्पष्ट बोलून घे. नवरा ‘जा की, मी कुठे अडवतोय’ असं म्हणत असेलही, पण अडवत नाही म्हणून स्वयंपाक आपोआप होत नाही. बायकांचे ग्रुप मोडतात ते भांडणांमुळे क्वचितच. ‘आज पाहुणे आहेत’, ‘उद्या ह्याची परीक्षा आहे’, ‘बाई आली नाही’ अशा कारणांनी मोडतात. मुलाचा क्लास जसा कुणी पाहुण्यांसाठी बुडवत नाही, तसे तुझे दोन दिवस कॅलेंडरवर लिहून ठेव. त्या संध्याकाळी खिचडी नवरा लावेल. सातवीतला मुलगाही लावू शकतो, आणि त्याने लावावी.

एखादा ग्रुप जमेनासा झाला तर काय? तीनचार महिने नियमाने जाऊनही कोर्टावर तुला शेवटीच घेतात, चहाला निघताना तुझ्याकडे बघत नाहीत, एखाद्या वेळी गेली नाहीस तर कुणी विचारत नाही, असं असेल तर तो ग्रुप आधीच भरलेला आहे. त्यांचं काही चुकत नाही, तुझंही नाही. दुसरा स्लॉट बघ. पुरुषांच्या किंवा मिश्र ग्रुपात खेळायलाही माझी ना नाही. खेळ कदाचित तिथे जास्त चांगला मिळेल. फक्त रात्री दार वाजवायला तुला जे माणूस हवंय ते तिथे सापडायची शक्यता जरा कमी.

आता बुटांचं. नाही, चालत नाही. पळण्याच्या बुटाची टाच जाड आणि उंच असते, तो सरळ पुढे जाण्यासाठी केलेला असतो. बॅडमिंटनमध्ये तू आडवी सरकतेस, झटकन थांबतेस, आणि तेव्हा उंच टाचेवरून घोटा मुरगळतो. चपट्या तळव्याचे, खाली गमरबर असलेले, कोर्टावर काळे डाग न पाडणारे बूट घे. संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, माप बरोबर मिळतं. कुठल्या दुकानात स्वस्त मिळतात ते थ्रोबॉलच्या ग्रुपमधल्या एखादीला विचार. तिला माहीत नसलं तरी विचार.